प्रवाहाचा वेग छापता, पण तो कोणत्या खोलीचा?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट होती, किनारपट्टीला उंच लाटांचा इशारा म्हणून, आणि त्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं का समुद्राच्या पृष्ठभागाजवळ प्रवाहाचा वेग ताशी ४० ते ६० सेंटिमीटर राहील. ताशी! अहो ताशी ६० सेंटिमीटर म्हणजे पावसाळ्यात आमच्या अंगणात फिरणारी गोगलगाय त्या प्रवाहाला ओव्हरटेक करून जाईल, तेवढ्यासाठी मच्छीमारांना घरी बसवायची काय गरज. ते सेकंदाला असणार, कुठंतरी टाइप करताना गेलं असेल, होते चूक, त्याचं एवढं नाही. मी लिहून राहिलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तो आकडा सेकंदाला धरला तरी अर्धवटच आहे, कारण पृष्ठभागाजवळ म्हणजे किती जवळ, अर्धा मीटर का पंधरा मीटर, आणि कशानं मोजला, तरंगत्या यंत्रानं का तळाशी ठेवलेल्या यंत्रानं का किनाऱ्यावरच्या रडारनं, हे लिहिल्याशिवाय समुद्राच्या अगदी वरच्या थरातल्या वेगाला काही अर्थच राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल हा नागपूरचा म्हातारा, झिरो माईलच्या खांबापासून कोणत्याही बाजूला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर, याला कशाला पाहिजे ही उठाठेव. बरोबर आहे. आमच्याकडं लाट म्हटलं का लोकांना मे महिना आठवतो. पण मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं गेजिंगचं, म्हणजे नदीचं पाणी मोजायचं काम केलं, कन्हान, वैनगंगा, त्यांचे नाले, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात आणि पुरात जीव मुठीत धरून होडीत, त्यामुळं वाहत्या पाण्याचा वेग कसा मोजतात आणि कसा चुकतो हे दोन्ही मला थोडंफार समजते.

नदीवर आम्ही काय करायचो ते आधी सांगतो, कारण पुढचं त्याच्याशिवाय समजणार नाही. करंट मीटर म्हणजे आडव्या चाकाला लावलेल्या सहा वाट्या, देवळात आरतीच्या ताटात असतात तेवढ्या, आणि खाली माशाच्या आकाराचं शिशाचं वजन, त्याला आम्ही फिशच म्हणायचो. पाण्यात सोडला का वाट्या फिरतात, फेरीला एक टक् असा आवाज कानातल्या हेडफोनात येतो, एका हातात स्टॉपवॉच, टक् मोजायचे आणि तक्त्यावरून वेग काढायचा. मीटर ठेवायचा पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर, म्हणजे दोन मीटर पाणी असलं तर सव्वा मीटरच्या आसपास, कारण तिथला वेग हा वरपासून खालपर्यंतच्या सरासरीच्या जवळ निघतो. पूर आला आणि मीटर सोडणं जमत नसलं तर फ्लोट, म्हणजे लाकडाचा तुकडा, नारळ, जे सापडेल ते, ठरलेलं अंतर जायला किती सेकंद लागले ते पाहायचं आणि आलेल्या वेगाला ०.८५ च्या आसपासच्या आकड्यानं गुणायचं, कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळते. म्हणजे साध्या नदीतही वरचा वेग वेगळा आणि पाण्याचा सरासरी वेग वेगळा, आणि वहीत त्यासाठी रकाना होता, कशानं मोजलं, मीटर का फ्लोट. तो रकाना रिकामा दिसला तर आमचे एक साहेब वही अंगावर फेकायचे. बाप्पा, काय रागीट माणूस. पण त्या वहीतले आकडे आजही वापरता येतात ते त्या रकान्यामुळंच.

तर दिवाळीत माझा पुतण्या आला होता, तो जहाजांवर आणि बोयांवर, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांवर, यंत्रं लावायच्या कंत्राटी कामावर असतो, वर्षातले आठ महिने घरी नसतो आणि आला का चिवडा संपवतो. मी त्याच्यापुढं जरा फुशारकी मारली का तुमच्या त्या लाखो रुपयांच्या मशिनी कशाला, माझा वाट्यांचा मीटर सोड ना समुद्रात, पन्नास वर्षं चालला लेकाचा.

तो म्हणे, "काका, तुमचा मीटर समुद्रात वरच्या पाण्यात सोडला नं, तर पाणी जागचं कुठं गेलं नाही तरी तो सेकंदाला पन्नास सेंटिमीटर वेग दाखवन."

"काऊन? खडकवासल्याच्या प्रयोगशाळेतून तपासून, रेटिंग करून आणत होतो आम्ही."

"रेटिंग सरळ पाण्यातलं हो. समुद्रात पाणी झुलते."

मग त्यानं लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला हिशोब करून दाखवला, तो मी अजून जपून ठेवलाय. धरा का दोन मीटर उंचीची लाट आहे, खड्ड्यापासून माथ्यापर्यंत दोन मीटर, आणि दर आठ सेकंदांनी एक लाट येते. खोल समुद्रात अशा लाटेची लांबी साधारण १०० मीटर असते. आता लाट पुढं पळते म्हणून पाणीही तिच्यासंगं पळते असं आपल्याला वाटते पण तसं नसते, पाणी जागच्या जागी गोल फिरते, माथा आला का पुढं आणि खड्डा आला का मागं. अगदी वरच्या पाण्याचा हा गोल दोन मीटर व्यासाचा, म्हणजे परिघ सव्वासहा मीटर, आणि तो आठ सेकंदांत पूर्ण करायचा म्हणजे सेकंदाला ७८ सेंटिमीटर. माथ्यावर ७८ पुढं, चार सेकंदांनी खड्ड्यात ७८ मागं. आणि आपल्याला जो खरा प्रवाह मोजायचा तो असतो बहुतेक वेळा दहा, वीस, फार तर पन्नास. म्हणजे लग्नाच्या वरातीत बँड वाजून राहिला आणि त्यात कुणाच्या तरी घड्याळाची टिकटिक ऐकायची, तसं काम आहे हे.

आणि इथंच माझा मीटर मेला, कारण माझ्या वाट्या पाणी कुठूनही येवो, एकाच बाजूनं फिरतात! नदीत ते चालते, नदी उलटी वाहत नाही. समुद्रात पाणी चार सेकंद पुढं गेलं तरी टक्-टक्, चार सेकंद मागं आलं तरी टक्-टक्, मीटर बेरीजच करत जातो बिचारा, वजाबाकी त्याला येतच नाही. ७८ पर्यंत चढणारा आणि शून्यावर उतरणारा वेग, पुढचा-मागचा सगळा सारखाच धरून सरासरी काढली तर येते पन्नास. पाणी जिथल्या तिथं. मी पाच मिनिटं काहीच बोललो नाही, बायकोनं चहा आणला तेव्हा बोललो.

आणि ही चूक माझ्यासारख्या गावठी माणसानंच केली असती असं नाही बरं का. समुद्रातल्या जुन्या मीटरांना वाट्यांऐवजी इंग्रजी एससारख्या आकाराचा उभा रोटर असायचा, सॅव्होनियस रोटर म्हणतात त्याला, आणि तोही असाच, पाणी कुठूनही आलं तरी एकाच बाजूनं फिरणारा. बोयाखाली लटकवलेले असे मीटर वरच्या थरात वेग फुगवून सांगायचे. दिशा बघायला पंख होता त्यांना, पण पाणी दर चार सेकंदांनी उलटं फिरायला लागलं का पंखाची पण धांदल. शेवटी १९८० मध्ये रॉबर्ट वेलर आणि रस डेव्हिस या दोघा समुद्रशास्त्रज्ञांनी वेगळाच मीटर मांडला, एकमेकाला काटकोनात दोन पंखे, आणि पाणी उलट आलं का पंखाही उलट फिरणार, म्हणजे पुढचं जमा आणि मागचं वजा. पाणी तिरपं आलं तर त्याचा जेवढा भाग पंख्याच्या रेषेत आहे तेवढाच त्यानं मोजायचा, हे जमवण्यातच सगळी मेहनत होती म्हणे. मला हे फार आवडलं. त्याच्या आधीचा एकमन या स्वीडनच्या शास्त्रज्ञाचा मीटर तर अजून मजेशीर, त्यात पंखा ठराविक फेऱ्या फिरला का एक बारीक पितळी गोळी होकायंत्राच्या सुईवर पडायची आणि सुई जिकडं तोंड करून असेल तिकडच्या कप्प्यात जायची, ३६ कप्पे, वर काढून गोळ्या मोजायच्या. कवड्या खेळल्यासारखं.

आता वजाबाकी येणारा मीटर मिळाला म्हणून सुटलो असं मला वाटलं होतं. पुतण्या म्हणे थांबा, अजून आहे. तो पाण्याचा गोल पूर्ण मिटतच नाही. माथ्याखालून जाताना पाणी थोडं वर असते, आणि वरती लाटेचा जोर जास्त, म्हणून पुढचा टप्पा थोडा मोठा पडतो. खड्ड्यात ते खाली असते, तिथं जोर कमी, म्हणून मागचा टप्पा थोडा लहान. घाण्याचा बैल गोल-गोल फिरतो पण दर फेरीला घाणाच बोटभर पुढं सरकला तर कसं होईल, तसं. जॉर्ज स्टोक्स यांनी हे १८४७ मध्येच गणितानं दाखवलं म्हणून त्याला स्टोक्स ड्रिफ्ट म्हणतात. आपल्या दोन मीटर, आठ सेकंदांच्या लाटेत हे सरकणं अगदी वर सेकंदाला पाच सेंटिमीटर भरते. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला सव्वाचार किलोमीटर, निव्वळ लाटांच्या जोरावर, वारा आणि बाकीचा प्रवाह धरलाच नाही अजून. आणि खाली गेलं का हे झपाट्यानं संपते, आठ मीटरवर एक तृतीयांशाच्या जवळ, पंधरा मीटरवर सातव्या हिश्श्याच्या आसपासच उरते.

गंमत अशी का एका जागी खिळवून ठेवलेला मीटर, कितीही चांगला असो, हे सरकणं पाहूच शकत नाही. त्याच्यासमोरून पाणी जेवढं पुढं जाते तेवढंच मागं येते, दहा मिनिटांच्या म्हणजे ७५ लाटांच्या सरासरीत त्याचा हिशोब शून्य. आणि पाण्यासंगं मोकळा वाहणारा फ्लोट मात्र ते सव्वाचार किलोमीटर जातो म्हणजे जातोच. दोघंही खरं बोलून राहिले! एक गेटवरचा चौकीदार आहे, तो सांगते माझ्यासमोरून किती गेले आणि किती आले, आणि दुसरा वारीत चालणारा आहे, तो सांगते मी कुठं पोचलो. दोघांचे आकडे सारखे यायलाच पाहिजेत असा हट्ट धरला का भांडणं होतात, आणि पुतण्या सांगत होता का होतात म्हणे. बरं, खिळवलेला मीटर अगदी वर ठेवतो म्हटलं तर अजून एक पंचाईत, समुद्र शांत असताना जिथं पृष्ठभाग असतो त्या उंचीवर ठेवला तर लाटांमध्ये तो निम्मा वेळ पाण्यात आणि निम्मा वेळ हवेत. आता हवेतल्या मीटरचं काय लिहायचं वहीत? आमच्या गेजपट्टीवर पाणी सेंटिमीटरभर हललं तर आम्ही डोळ्यांनी सरासरी धरायचो, इथं दोन-दोन मीटर हलून राहिलं, मुळात पृष्ठभाग कुठं आहे हाच प्रश्न. आणि बोयाखाली लटकवलेला मीटर तर ना चौकीदार ना वारकरी, बोया लाटेबरोबर वर-खाली, दोर हिसके देतो, मीटर हेलकावे खातो, आणि त्या हेलकाव्यांचा आणि लाटेचा ताल जुळला का त्यातून एक खोटा प्रवाह तयार होतो जो ना पूर्ण स्टोक्सचा ना समुद्राचा.

आजकाल बहुतेक काम आवाजावर चालते, एडीसीपी म्हणतात त्याला. यंत्र तळाशी वर तोंड करून ठेवायचं, ते तीन-चार तिरप्या दिशांना आवाजाचे ठोके सोडते, पाण्यातल्या बारीक जीवांवर आणि गाळाच्या कणांवर आपटून आवाज परत येतो, आणि परत येताना त्याचा स्वर किती चढला-उतरला यावरून पाण्याचा वेग, रेल्वेची शिट्टी जवळ येताना चढते आणि लांब जाताना उतरते तसंच. एका ठोक्यात तळापासून वरपर्यंत सगळ्या थरांचा वेग. मी तर हरखून गेलो. मग पुतण्या म्हणे, वरचा थर मात्र नाही बरं का. का नाही? तर आवाजाचा मुख्य झोत तिरपा, समजा उभ्यापासून २० अंश, पण थोडासा आवाज गळून सरळ वरही जातो, आणि पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आवाजासाठी आरसाच, तो गळका आवाज इतक्या जोरात परत येतो का तिरप्या झोताचा बारीक प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. २० अंशाच्या हिशोबानं वरचा सहा टक्के भाग असा फुकट जातो. तीस मीटर पाण्यात ठेवलं तर वरचे जवळजवळ दोन मीटर गेले, शंभर मीटरला सहा मीटर गेले. तेच यंत्र जहाजाच्या पोटाला खाली तोंड करून लावलं तर पोटच चार-पाच मीटर पाण्यात, त्याच्याखाली ठोका सोडल्यावर काही मीटर यंत्राचे कान बधिर, वरून फुटलेल्या लाटांचे बुडबुडे. म्हणजे खालून मोजा का वरून मोजा, वरचे काही मीटर राहतातच, आणि तेल, प्लास्टिक, जाळी, बुडणारा माणूस, सगळं नेमकं तिथंच असते.

किनाऱ्यावरच्या रडारचं तत्त्व मला सगळ्यात डोकेबाज वाटलं. १९५५ मध्ये क्रॉम्बी नावाच्या माणसाच्या लक्षात आलं का रेडिओच्या लहरी समुद्रावर सोडल्या तर त्या लहरीच्या बरोबर निम्म्या लांबीच्या लाटांवरून प्रतिध्वनी फार ठळक येतो. ६० मीटर लांबीची रेडिओ लहर सोडली तर ३० मीटरच्या लाटा उत्तर देतात. ३० मीटरची लाट स्थिर पाण्यात किती वेगानं पळते हे गणितानं पक्कं माहीत, मग प्रत्यक्षात ती जेवढी जास्त किंवा कमी पळाली तेवढा प्रवाह. म्हणजे जी लाट आमच्या मीटरची शत्रू, तिलाच इथं मीटर केलं! आपल्याकडं चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं अशी रडारं गुजरात, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमानात बसवली. पण याचाही रकाना भरावाच लागतो, कारण ३० मीटरची लाट अगदी वरचं पाणी नाही सांगत, वरच्या दोन-अडीच मीटरचं मिळून काहीतरी सांगते, आणि रडारची फ्रिक्वेन्सी बदलली का खोलीही बदलते. आणि त्या आकड्यात स्टोक्सचं सरकणं किती धरायचं यावर जाणत्या लोकांमध्येही अजून एकमत नाही. उपग्रहाचं तर विचारूच नका, तो समुद्राची उंची मोजतो, त्यावरून मोठाले प्रवाह छान निघतात, पण वाऱ्यानं आणि लाटांनी ढकललेला वरचा पातळ थर त्या हिशोबात येतच नाही.

राहिला फ्लोट, म्हणजे आमचा जुना दोस्त. समुद्रात त्याला ड्रिफ्टर म्हणतात, वर फुटबॉलपेक्षा थोडा मोठा गोळा, त्यात उपग्रहाशी बोलणारं यंत्र, आणि खाली लांब दोरीला कापडाचा भोकं पाडलेला लांबच लांब पायमोजा, त्याचा मध्य १५ मीटर खोलीवर. पायमोजा यासाठी का गोळ्याला वाऱ्यानं आणि लाटांनी ढकलू नये, १५ मीटरवरच्या पाण्यानं ओढावं. जगभरात असे हजारावर गोळे एका वेळी फिरत असतात. पण म्हणजे ते १५ मीटरचा वेग सांगतात, वरचा नाही, आणि दिशाही वेगळी असू शकते, कारण पृथ्वी फिरते म्हणून आपल्या गोलार्धात वाऱ्यानं ढकललेलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडं वळते आणि खाली-खाली अजून वळत जाते. नॉर्वेच्या नानसेन यांनी १८९३ ते ९६ च्या आर्क्टिक सफरीत बर्फ वाऱ्याच्या उजवीकडं सरकताना पाहिला आणि एकमननं १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं, तेच गोळ्यावाले एकमन.

आणि त्या पायमोज्याची एक गोष्ट ऐकून तर मला माझी नोकरी आठवली. तो पायमोजा काही महिन्यांनी तुटून पडू शकतो. तुटला हे ओळखायला सेन्सर होता, पण तो नेहमी नीट सांगत नव्हता, आणि कित्येक गोळे पायमोजा नसताना वाऱ्यावर पळत होते आणि नोंद मात्र पायमोजा असल्याची होत होती. त्यामुळं समुद्राचे प्रवाह वर्षागणिक वाढून राहिले असा खोटाच कल दिसायला लागला. २०११ मध्ये हे उघड झालं आणि मग जुना डेटा पुन्हा तपासून काढावा लागला. आमच्याकडं एका साईटवर, नाव घेत नाही, मीटरची एक वाटी दगडावर आपटून चेपली होती, पावसाळाभर तसाच वापरला, विसर्ग सगळा कमी येत होता, आणि वरच्या ऑफिसात त्या आकड्यांवरून सुंदर आलेख काढून फाईलला लावला होता, का यंदा नदीला पाणी कमी. मी चेपलेली वाटी नेऊन टेबलावर ठेवली तर बाबू म्हणे आता फाईल गेली पुढं. तिकडं निदान तपासून दुरुस्त तरी केलं.

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो, हसू नका. पुतण्या गेल्यावर मला चैन पडेना, म्हणून एका रविवारी सकाळी नातवाला घेऊन इथल्या फुटाळा तलावावर गेलो, वारा बरा होता. तीन वस्तू नेल्या, एक रिकामी पाण्याची बाटली, एक संत्रं, आणि एक झाकण लावलेली छोटी बाटली जिला मीटरभर दोरीनं कापडी पिशवी आणि आत गोटा बांधला होता, म्हणजे आमचा घरगुती पायमोजा. तिघांना दोरा बांधून सोडलं, साधा शिवायचा दोरा हो, नायलॉन मांजा नाही. संत्र्याचं मी पुतण्याकडूनच ऐकलं होतं, का जुने-जाणते लोक पाण्याचा वेग पाहायला संत्रं सोडतात, कारण ते तरंगते पण बहुतेक पाण्यातच राहते, वाऱ्याला धरायला फार काही देत नाही, रंग लांबून दिसते आणि परत नाही मिळालं तरी तलावाचं नुकसान नाही. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, आत हवा, त्यामुळं जरा जास्तच वर राहते, मोसंबी चांगली पडली असती असं मला नंतर वाटलं, पण नागपूरच्या माणसानं मोसंबी सोडायची म्हणजे.

रिकामी बाटली तर सुटलीच, वाऱ्यासंगं टणाटणा उड्या मारत. संत्रं तिच्यामागं, पण निम्म्यापेक्षाही कमी वेगानं, एकेका लाटेवर वर-खाली होत, आणि नीट पाहिलं तर दिसत होतं, लाट आली का पुढं, गेली का मागं, पण मागं थोडं कमी. नातू म्हणे आजोबा ते पाळण्यात बसलंय. आणि पिशवीवाली बाटली जवळजवळ जागच्या जागी, मला तर एकदा वाटलं उलटीच येऊन राहिली, आणि येऊही शकते, कारण वारा वरचं पाणी समोरच्या काठाला लोटतो तर खालून ते परत यायला पाहिजेच ना. एकच तलाव, एकच वारा, एकच सकाळ, तीन उत्तरं. दोरा ओला होऊन जड झाला आणि संत्र्याला मागं ओढायला लागला म्हणून पंधरा मिनिटांत मोजणं थांबवलं, त्यानंतरचे आकडे माझ्या हिशोबी बाद. सिक्युरिटीवाला येऊन म्हणे काका काय टाकून राहिले पाण्यात. मी म्हटलं मोजून राहिलो. तो थोडा वेळ पाहत थांबला आणि मग त्यानंच बाटली ओढायला मदत केली.

हे सगळं तलावात गंमत म्हणून ठीक आहे, समुद्रात त्याचे पैसे लागतात आणि जीव लागतात. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं, ६४० कंटेनर होते त्यावर, आणि त्यातले काही वाहत केरळच्या किनाऱ्याला लागले, प्लास्टिकचे बारीक दाणे तर किनाऱ्या-किनाऱ्यावर पसरले. आता यात अर्धा बुडालेला कंटेनर म्हणजे माझं संत्रं, दाणे आणि तेल अगदी वरच्या चामडीवर, बाटलीचे भाऊ, आणि १५ मीटरचा ड्रिफ्टर म्हणजे पिशवी. तिघांना एकच प्रवाहाचा आकडा लावून कोण कुठं पोचेल हे सांगायला गेलं तर शोधणारी बोट चुकीच्या जागी जाणार. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० ला दोन जहाजांची टक्कर झाली होती, एमएससी चित्रा आणि खलिजिया, तेव्हाही कंटेनर पाण्यात आणि तेल किनाऱ्यावर, भर पावसाळ्यात, म्हणजे लाटा सगळ्यात मोठ्या आणि वरच्या थराचं मोजमाप सगळ्यात अवघड अशा दिवसांत.

म्हणून विनंती एवढीच का पुढच्या वेळेला अशी चौकट छापाल तेव्हा तीन शब्द जास्त छापा, खोली किती, कशानं मोजलं किंवा मॉडेलमधून काढलं, आणि किती वेळाची सरासरी. इशारा देणाऱ्यांच्या मूळ पत्रकात ते नसलं तर फोन करून विचारा, वार्ताहरानं विचारलं तर सांगतात लोक. जागा नाही म्हणाल तर त्याच पानावर राशिभविष्याला पाऊण कॉलम होता.

आपला,
पाटबंधारे खात्यातून निवृत्त एक गेज रीडर,
त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता. क. : ते 'ताशी' मात्र दुरुस्त करून छापाच. मी त्या चौकटीचा फोटो रत्नागिरीला आमच्या व्याह्यांना पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं, तुमच्या नागपुरात समुद्र फारच आरामात चालतो वाटतं.